किल्ली देण्यापूर्वी

"सर, पार्टी चांगली आहे," असे एजंटने फोनवर सांगितले की जागा भाड्याने देणारा माणूस निम्मा निश्चिंत होतो. या 'चांगली' शब्दात काय काय भरलेले असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. नवराबायको दोघेही नोकरीला, मूल एखादे, पगार बँकेत जमा होणारा, आडनाव ओळखीतले, आणि मुख्य म्हणजे मुदत संपताच निमूटपणे किल्ली परत करणारे. गेल्या तीसपस्तीस वर्षांत वसईतील आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे घरमालक झाली. वाडीचा तुकडा बिल्डरला दिला, बदल्यात दोनतीन ब्लॉक मिळाले. एकात मुलाचा संसार, उरलेले भाड्याने. ज्यांच्या वाडवडिलांनी केळीचे घड आणि विड्याची पाने पारखली, त्यांच्यावर आता माणसे पारखण्याची पाळी आली आहे. हा भाडे थकवील का, जागा सोडायला नकार देईल का, याला बाहेर काढण्याची वेळ आपल्यावर येईल का, हे सारे किल्ली देण्यापूर्वी ताडायचे. या ताडण्यात काही नीतीचा प्रश्न आहे, असे बरीच वर्षे मलाही वाटत नव्हते.

2019 च्या मे महिन्यात माझी सदनिका रिकामी झाली. मी निवृत्त शिक्षक. पत्नीच्या औषधपाण्याचा खर्च बव्हंशी त्या भाड्यावर चालतो. जागा पाहायला अनेक जण आले, पण शेवटी दोनच नावे उरली. एक तरुण जोडपे, दोघांनाही कायम नोकरी. दुसरी एक बाई, पदरात दोन शाळकरी मुले, नवरा वेगळा झालेला, शिवणकामाच्या एका कारखान्यात कामाला आणि पगार रोख मिळणारा. भाडे पाच तारखेला मिळेल, डिपॉझिट मात्र दोन हप्त्यांत घ्यावे, एवढेच तिचे मागणे होते. माझा पुतण्या संगणकाच्या व्यवसायात आहे. तो म्हणाला, "काका, मनाने ठरवू नका. आपण तक्ता करू." भाड्याच्या किती पट उत्पन्न, नोकरीचा प्रकार, कमावती माणसे किती, डिपॉझिट एकरकमी की कसे, जवळपास ओळखदेख आहे का, अशा रकान्यांना त्याने गुण ठरवले. पन्नासपैकी जोडप्याला 41 मिळाले, बाईला 19. मी जोडप्याला जागा दिली.

ते जोडपे दोन करारांचे मिळून बावीस महिने राहिले. मधल्या टाळेबंदीतही त्यांनी एक पैसा थकवला नाही, आणि जाताना भिंतींना रंग देऊन गेले. तक्ता खरा ठरला. तो खोटा ठरला असता, त्या जोडप्याने मला बुडवले असते, तर पश्चात्तापाची एक सोपी गोष्ट माझ्या हाती लागली असती. तसे काही झाले नाही. राहिले ते एवढेच, की नकार ऐकल्यावर त्या बाईने मला विचारले होते, "सर, कशामुळे नाही म्हणताय, एवढं सांगाल का? पुढच्या ठिकाणी तसं करीन." मी काहीतरी पुटपुटलो. खरे उत्तर मला देताच आले नसते, कारण तिने स्वतःहून सुधारावे असे त्या तक्त्यात एकही कलम नव्हते.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी घरमालकाची बाजू नीट मांडली पाहिजे; आपल्या प्रवचनांतून ती फारशी मांडली जात नाही. त्याची भीती कल्पनेतून आलेली नाही. मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली आले. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या दिवसांत ते आवश्यकच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाड्यात इमारतीची दुरुस्तीही भागेना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडली आणि पागडी धरली. भाडेकरू म्हणून कोणाला ठेवायचे नाही म्हणून लोक 'लिव्ह अँड लायसन्स'चे करार करू लागले, तर 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे असे परवानाधारक जागेत होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ज्या मालकाने विश्वासाने अकरा महिन्यांसाठी जागा दिली, त्याची जागा पिढीभरासाठी गेली. पुढे 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत.

आपल्या आईवडिलांच्या पिढीने हे सारे पाहिले. 'एक वेळ ब्लॉक बंद ठेव, पण कोणाला देऊ नकोस' हा उपदेश त्यातूनच आला. शिवाय आजचा वसईकर मालक हा काही जमीनदार नव्हे. भाडे तीन महिने थांबले तरी सोसायटीचा मेन्टेनन्स थांबत नाही, मालमत्ता कर थांबत नाही, कर्ज असेल तर हप्ताही थांबत नाही. अशा माणसाने चौकशी करून जागा दिली, तर त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारूम' या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क निसर्गसिद्ध मानला आहे, आणि तो विशेषतः कष्टाने चार पैसे गाठीला बांधणाऱ्या माणसाच्या बाजूने मानला आहे. घर सांभाळणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. भाडे भरण्याची ऐपत असूनही मुद्दाम न भरणारा, मुदत संपल्यावर कोर्टाची भीती घालणारा भाडेकरू अन्यायच करतो, आणि तो एकट्या मालकावर नव्हे. त्याच्यामागून जो प्रामाणिक माणूस जागा शोधत येईल, त्याचे दार त्याने आधीच बंद करून ठेवलेले असते.

मात्र कायदा आता तो राहिलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अंमलात आला. त्याच्या कलम 24 नुसार परवान्याची मुदत संपली की मालकाला सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि जागा न सोडणाऱ्याला तोपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी कलम 55 ने मालकावर टाकली आहे. म्हणजे 1973 साली मालकाच्या खांद्यावर असलेले जोखमीचे ओझे गेल्या पंचवीस वर्षांत बरेचसे उतरले. पण ते हवेत विरले नाही, भाडेकरूच्या खांद्यावर गेले. दर अकरा महिन्यांनी त्याला पुन्हा उमेदवार व्हावे लागते. पुन्हा एजंटची दलाली, पुन्हा टेम्पो, मुलांच्या शाळेचे अंतर, आधार आणि गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता. हे 'अकरा महिने' तरी कोठून आले? एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. ती नोंदणी टाळण्यासाठी पडलेली ही सवय. आता परवान्याचा करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. कारण गेले, अकरा महिने राहिले. भीतीचेही तसेच झाले आहे.

मला असे वाटते, की आपल्या पारखण्यात दोन दोष आहेत. त्यांतला पहिला नीतीचा आहे, तितकाच ज्ञानाचाही आहे. ज्याला जागा दिली तो कसा निघाला, हे आपल्याला कळते. ज्याला नाकारले तो कसा निघाला असता, हे कधीच कळत नाही. म्हणून नकार देणाऱ्याचा अंदाज चुकला, असे सिद्ध होण्याची सोयच नसते. एकट्या बायका भाडे थकवतात, अमुक प्रांताचे लोक जागा सोडत नाहीत, तमुक धर्माचे नकोतच, हे समज वर्षानुवर्षे ताजे राहतात, कारण ज्यांनी ते खोटे पाडले असते त्यांना आपण दारातूनच परत पाठवलेले असते. शेतकरी एखादे वर्ष नवे बियाणे वाफाभर लावून तरी पाहतो. आपण वाफाही लावत नाही, आणि वर अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

दुसरा दोष त्याहून जुना आहे. समजा, एखाद्या गटातील दहांपैकी दोघे खरोखरच भाडे थकवतात. मग उरलेल्या आठांनी कोणता अपराध केला? न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, अशी व्याख्या संत थॉमस अक्वायनस यांनीही स्वीकारली आहे. आणि माणसाचे जे त्याचे आहे त्यात सर्वांत आधी त्याची स्वतःची कृती येते. पूर्वीच्या घरमालकाचे भाडे वेळेवर दिले का, हा कृतीविषयीचा प्रश्न आहे. तो कोणालाही निःसंकोच विचारावा. विधवा आहे का, गाव कोणते, घरात काय शिजते, हे प्रश्न माणसाच्या जातकुळीविषयीचे आहेत. मुंबईतील कित्येक सोसायट्यांनी 'मांसाहारी नको' म्हणून आपल्या मुलांना जागा नाकारल्या, तेव्हा आपण किती चिडलो होतो! त्याच मुलांचे वडील वसईत एजंटला हळूच सांगतात, "आपल्यातलेच बघा."

यावर कोणी म्हणेल, आणि पुतण्या म्हणालाच, की मालकाला माणसाच्या अंतरंगाचे ज्ञान नसते. हाती असलेल्या खुणांवरूनच त्याला ठरवावे लागते. आक्षेप खरा आहे. डॉक्टरही तेच करतो, आणि बँकही. पण अज्ञान जितके अधिक, तितकी चौकशी अधिक करावी, असा त्याचा अर्थ होतो. आपण उलट करतो. चौकशीला वेळ लागतो, नकाराला लागत नाही. त्या बाईच्या जुन्या घरमालकाला मी एक फोन करू शकलो असतो. तो मी केला नाही. 19 हा आकडा पाहिल्यावर फोनची गरजच वाटली नाही, आणि आकड्याचा खरा धोका मला त्यातच दिसतो. अमेरिकेत हे काम आता कंपन्या करतात. भाडेकरूचे नाव घातले की त्याच्या जुन्या दाव्यांची यादी आणि गुण मालकापुढे येतात. खटला नुसता दाखल झाला आणि पुढे निकाली निघाला, तरी त्याचा डाग नावावर राहतो, अशी तक्रार तेथे इतकी वाढली की कॅलिफोर्नियाने 2016 साली कायदा करून अशा नोंदी खुल्या करण्यावर बंधने घातली. आपल्याकडे यंत्र नाही, एजंटची वही आहे. पण शाई तीच.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात या विषयावर आश्चर्य वाटावे इतका व्यवहारी विचार आहे. तेथे तारण घेऊच नका, असे सांगितलेले नाही. धनकोची जोखीम मोशेच्या नियमशास्त्राला मान्य आहे. मात्र तारण आणायला ऋणकोच्या घरात शिरायचे नाही, बाहेर उभे राहायचे. तो जे आणून देईल ते घ्यायचे. गरिबाचे पांघरूण तारण म्हणून घेतले असेल, तर ते सूर्यास्तापूर्वी परत करायचे, कारण रात्री तो कशात निजेल? आणि जाते तर कधीच तारण घ्यायचे नाही, कारण त्यावर त्याचे पोट आहे. तारण घेण्याचा अधिकार आहे, पण त्याची हद्द दुसऱ्याच्या थंडीने आणि भुकेने आखलेली आहे. आपले डिपॉझिट या मापाने मोजून पाहावे. 2021 साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्याने निवासी जागेचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते असावे, असे राज्यांना सुचवले आहे. जोडप्याला एकरकमी डिपॉझिट म्हणजे मुदतठेव मोडणे. त्या बाईला कदाचित शिवणयंत्र मोडीत काढणे. आकडा एक, पण एकाला तो पांघरूण आहे आणि दुसऱ्याला जाते.

गंमत अशी, की राज्याच्या कायद्यालाही हा विचार अगदीच परका नाही. नियमित भाडेकरूविरुद्ध मालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली, तर 1999 च्या कायद्याच्या कलम 16 नुसार न्यायालयाला विचारावे लागते, की ताबा दिल्याने हाल अधिक होतील की न दिल्याने; आणि कोणाला दुसरी जागा मिळण्याजोगी आहे. परवान्याच्या करारांत हा प्रश्न येत नाही, तेथे मुदत संपली की संपले. पण न्यायालयाने विचारायचे थांबवले म्हणून विवेकबुद्धीनेही थांबवावे का? माझ्या तक्त्यात सगळे रकाने माझ्याच नुकसानीचे होते. नाकारल्यावर समोरच्याचे काय होईल, याला रकाना नव्हता. जोडप्याला मी नाही म्हटले असते, तर आठवड्यात दुसरी जागा मिळाली असती. बाईचे तसे नव्हते, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होते. एकाच बाजूचे नुकसान मोजणाऱ्या हिशेबाला शहाणपणा म्हणता येईल, संपूर्ण हिशेब म्हणता येणार नाही. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. त्यांतली सगळीच भीतीपायी बंद नसतील; पण आपल्या ओळखीतले दोनचार कुलूपबंद ब्लॉक प्रत्येकाने आठवून पाहावेत.

म्हणून मालकाने सारी जोखीम एकट्याने घ्यावी, असे मी म्हणत नाही. ज्याच्याकडे एकच ब्लॉक आहे आणि त्यावर औषधे अवलंबून आहेत, त्याला ते झेपणार नाही. आपल्या पूर्वजांनी जोखीम वाटून घेण्याचा मार्ग शोधला होता. आज बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून आपण जिला ओळखतो, ती 1918 साली लहानशा पतसंस्थेच्या रूपात सुरू झाली. पतसंस्थांचा पायाच मुळी जामीनदार हा. कागदावर ज्याची पत शून्य, त्याच्यासाठी गावातले दोघे उभे राहत. तीही पारखच होती, पण तिथे माणसाला ओळखणारा माणूस बोलत असे. एखाद्या धर्मग्रामाने पाचदहा घरमालक एकत्र आणले, प्रत्येकाने थोडी रक्कम एका निधीत टाकली, आणि ज्यांचे गुण कमी पण वर्तन चांगले अशांची दोन महिन्यांची हमी त्या निधीने घेतली, तर ते फार अवघड आहे का? अडचण दुसरीकडेच आहे. जामीन नेहमी ओळखीच्याला मिळतो. लातूरहून किंवा गोरखपूरहून आलेल्याला वसईत कोण ओळखते?

इथे मला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवते, आणि तीही सहसा जिकडे पाहिले जात नाही त्या टोकाने. जखमी माणसाला त्याने उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, आणि अधिक खर्च झाला तर परतताना देईन, असे सांगून तो निघून गेला. म्हणजे तो एका अनोळखी माणसाच्या निवाऱ्याला जामीन राहिला. या शोमरोन्यावर आपण शेकडो प्रवचने ऐकली. उतारशाळेच्या मालकावर एकही ऐकले नाही. पुढे येणारी बाकी त्याने कोणाच्या भरवशावर सोडली? एका शोमरोन्याच्या, म्हणजे ज्या समाजाशी यहुदी संबंध ठेवत नसत अशाच्या. जखमी माणसाकडे तर अंगावरचे कपडेही राहिले नव्हते; पुतण्याच्या तक्त्यात त्याला दोनतीन गुण मिळाले असते. त्या मालकाने पैसे घेतले, फुकट काही केले नाही, व्यवसायच केला. तरी गोष्टीत त्याने दार लावले असते तर शोमरोन्याची सारी दया रस्त्यावरच राहिली असती.

आणि इतके करूनही भाडे थकलेच तर? तर ताबा मागण्यात पाप नाही. एप्रिल 2020 मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकबाकीपायी कोणाला बाहेर काढू नका, अशी सूचना मालकांना दिली होती. आपल्या परिसरात कोणी ती पाळली, कोणी दुप्पट पाळली, आणि कोणी नळाचे पाणी बंद केले, हेही आपण पाहिले. पाणी, वीज तोडून माणसाला बाहेर काढणे कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या मार्गाने काढतानाही एक गोष्ट मालकाच्या हाती असते. पुढच्या मालकाचा फोन आला तर काय सांगायचे, ती. नोकरी गेली म्हणून थकलेला आणि खोड म्हणून थकवणारा, या दोघांना एकच विशेषण लावले की पहिल्याचे पुढचे दारही आपणच लावून घेतो.

येत्या जूनमध्ये माझी सदनिका पुन्हा रिकामी होत आहे. पुतण्याचा तक्ता अजून आहे. 'ओळखदेख' हा रकाना मी खोडला, आणि 'पूर्वीचे घरमालक काय म्हणतात' हा नवा घालून त्याला सर्वांत अधिक गुण ठेवले. शेवटी आणखी एक रकाना आखला आहे: याला नाही म्हटले तर दुसरी जागा किती दिवसांत मिळेल? त्याला गुण किती द्यावेत, यावर आमचे एकमत होत नाही. 'एकटी कमावती व्यक्ती' हा रकाना ठेवावाच, असे त्याचे म्हणणे आहे. एकच पगार असला तर धोका असतोच, काका, तो नाकारून कसे चालेल, असे तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. त्या रकान्यासमोर मी सध्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. एजंटला मात्र सांगितले आहे, की पार्टी चांगली आहे की नाही हे कळवू नका, फक्त त्यांच्या जुन्या मालकाचा नंबर पाठवा.